धुरपताबाईच्या बांगड्या

३ ऑक्टोबर २०२४

डाव्या हातानं लिहायलेय. अक्षर असं की कोंबडीनं उकिरडा उकरावा. परभणीच्या दवाखान्यातल्या मॅडमनी सांगितलं, रोज थोडं लिहा, हात वळेल. काय लिहू विचारलं तर म्हणाल्या, मनात येईल ते. माझ्या मनात येतंय ते लिहिलं तर वही पेटेल.

नाव राजेश्री. जातीनं आन् धंद्यानं कासार. सोनपेठच्या बाजारात बांगड्या भरते. भरत होते. उन्हाळ्यात उजवा हात कडबा कुट्टीच्या यंत्रात गेला, मनगटाच्या वर चार बोटं. बास. बोटं दुखायलीत.

६ ऑक्टोबर

भुजंग म्हणजे माझा नवरा. तोंडानं नाव घेत नाही, पण वहीत घ्यायला कोण अडवतंय?

आज त्याच्यावर लय चिडले. उन्हाळ्यापासून मी गोठ्यात पाय टाकला नव्हता, आज टाकला. बघते तर हा विळा घेऊन म्हशीचा कडबा तोडत बसलाय, घामाघूम. यंत्र कुठंय म्हटलं. म्हणतो, विकलं. कधी? तुला दवाखान्यातून आणलं त्याच दिवशी. आन् मला आज सांगतो! चांगलं चालतं यंत्र. त्या यंत्राचा काय दोष, लक्ष माझं नव्हतं. एवढं बोलले तरी मान वर केली नाही, तोडत राहिला. असा घुम्या माणूस. कामात काम वाढवून ठेवायची खोडच आहे त्याला.

नसलेला हात लय छळतो. दुपारी जरा आडवी झाले की नसलेली बोटं मूठ आवळतात आन् सुटत नाहीत. कुणाला सांगावं तर येड्यात काढतील.

९ ऑक्टोबर

बाजाराला गेले. भरायला नाही, नुसती बसायला. आमचं बांगड्यांचं पाल आता सविता बघते, माझी धाकटी जाऊ. मेटलच्या आन् प्लास्टिकच्या बांगड्या विकते, ज्या बायका आपल्या आपण चढवतात. काचेच्या डब्यांवर चादर टाकून ठेवलीय. काचेच्या भरून द्यायला तिला येत नाही.

"कुणी विचारत न्हाई का काचेच्या?"

"विचारतात की. मी म्हणते, ताई यायल्यात."

"मी यायले म्हणून तुला कुणी सांगितलं?"

सविता हसली आन् गिऱ्हाइकाकडं वळली. हिला धंदा कळत नाही. आलेलं गिऱ्हाईक असं परत लावतात का?

काचेची बांगडी भरायची म्हणजे बाईचा हात आपल्या डाव्या हातात घ्यायचा, अंगठा तळव्यात मिटवायचा, बोटांच्या मुळाशी हाडं दाबून दाबून हात निमुळता करायचा आन् उजव्यानं बांगडी सरकवायची. सगळी कला उजव्या हातात. तोच गेला. डावा आता काय भाकरी थापणार का बांगडी भरणार?

धुरपताबाई आली. जवळच्याच खेड्यातली, सत्तरी गाठलेली, कजाग. हाताची पेरं वातानं बोरासारखी सुजलेली. मी नवी नवरी होऊन सोनपेठला आले तेव्हापासून माझ्याकडंच भरते आन् दर वेळेस बाजार गोळा करते. "आगं मारतीस का काय! अख्ख्या तालुक्यात हिच्यावानी दुखवणारी दुसरी न्हाई!" असं बोंबलून सांगते. आज पालात येऊन हात पुढं केला.

"भरतीस का?"

"कशानं भरू, दातानं?"

"मग च्या तरी पाज."

चहा प्याली. हातात जुन्या हिरव्या बांगड्या, थोड्याच उरल्यात. बाकीच्या वाढल्या म्हणाली. बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. मी म्हटलं, बसस्टँडापाशी एवढं मोठं दुकान आहे, जा तिकडं. म्हणाली, बघू.

मला कळत नाही का? म्हातारीला माझी फजिती बघायचीय.

१६ ऑक्टोबर

एसटीनं परभणीला गेलो. हात बसवायचं केंद्र आहे, तिथं धम्मानंद सर म्हणून आहेत. वय जेमतेम तिशीचं, बोलतात सावकाश. टेबलावर दोन नमुने ठेवले. एक रबराचा हात, गोरा, नखं बिखं असलेला, पण हलत नाही. दुसरा स्टीलचा आकडा. विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ असतो तसा. खांद्यावरून पट्टा, पट्ट्याला तार. खांदा पुढं केला की आकडा उघडतो, मागं घेतला की मिटतो.

भुजंग लगेच, "हे बघ की. हे हलतंय."

"मग तूच घाल," म्हटलं.

सरांनी विचारलं, काम काय करता? बांगड्या भरते म्हटलं. मग आकडाच बरा पडेल, ते म्हणाले. मी म्हटलं, सर, बायका माझ्या हातात हात देतात. आकड्यात कोण देईल? बांगडीवालीचा हात कसा पाहिजे, बघून बांगडी घ्यावी वाटली पाहिजे. सरांनी दोनदा समजावलं, मग माप घेतलं.

डावा हात बघून म्हणाले, ह्याच मापाचा करू. मी म्हटलं, डावा दोन-सहाचा आहे, हा दोन-चारचा करा. त्यांना कळेना. बांगडीचं माप हो, म्हटलं. दोन्ही सारखे नकोत का, म्हणाले. म्हटलं, नवा करायचाच तर सुबक करा. जन्मभर नाजूक हातांचा हेवा केलाय मी.

२९ ऑक्टोबर

हात आला! काय देखणा आहे! जरा पावडर लावली आन् दोन-चारची बांगडी अशी सरकन गेली. आयुष्यात पहिल्यांदा. डझनभर हिरव्या आन् मधे दोन पाटल्या भरल्या. शेजारची बबिता दोनदा निरखून बघून गेली, कोणता खरा कळेना तिला. दिवाळी चांगली जाणार.

भुजंग म्हणाला, छान आहे. तोंड मात्र असं की कुणी उधार मागितलंय.

६ नोव्हेंबर

आज बाजारात भरायला बसले. काचेच्या डब्यांवरची चादर मी स्वतः ओढून काढली.

पहिलं गिऱ्हाईक कॉलेजची पोरगी. हात लोण्यासारखा, डोळे मिटून भरावा असा. डाव्यानं तिचा हात धरला. बांगडी रबराच्या बोटांत अडकवली. निसटली. पुन्हा अडकवली, पुन्हा निसटली आन् खाली दगडावर गेली. तिसरी मी बोटांच्या मधे कोंबली आन् रेटली, तर रबर तिच्या कातडीला चिकटलं, बांगडी पेरावर अडकली, ना वर ना खाली. पोरगी "आई गं" करून रडकुंडीला आली. साबणाचं पाणी लावून सवितानं काढली. पोरगी म्हणाली, "राहू द्या मावशी, मेटलच्या द्या." एवढ्या गोड आवाजात म्हणाली की त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

धुरपताबाई समोरच बसली होती. हाताकडं बघत बघत म्हणाली, "लय देखणा हाय. भादव्यातल्या महालक्ष्मीच्या मूर्तीला लावायला चांगला."

अख्खं पाल हसलं. मीच सविताला म्हटलं, आवर, घरी जायचं.

७ नोव्हेंबर

काही लिहायचं नाही.

२४ नोव्हेंबर

किती दिवस वही उघडली नाही. रबराचा हात कपाटात आहे, बांगड्यांसकट. कपाट उघडलं की आत कुणी तरी उभं असल्यासारखं वाटतं.

धुरपताबाई आज थेट घरी आली. पायरीवर बसली आन् दोन्ही हात माझ्या मांडीवर ठेवले. एका हातात एक बांगडी, दुसऱ्यात एक. "बघ," म्हणाली.

"मी काय करू? बसस्टँडावर जा म्हटलं ना!"

"जाते की. घाई काय."

मी तिचे हात ढकलले. चांगलं नाही केलं, कळतंय मला. पण ही बाई दर वेळेस येऊन जखमेवर बोट का ठेवते? तिच्या सुनेनं मागं हात धरून दुकानात नेलं होतं म्हणे, तिथून भांडून आली. भांडल्याशिवाय तिला अन्न पचत नाही.

संध्याकाळी भुजंग म्हणाला, "मंगळवारी परभणीला जाऊ." कशाला? "आकडा बघू." म्हटलं, सर काय म्हणतील, दोनदा सांगितलं तरी ऐकलं नाही बाईनं. तर म्हणतो, "म्हणू दे. तुला कुणी काही म्हणलेलं चालत न्हाई, मला चालतं. मी ऐकून घेतो." एवढं लांब वाक्य तो वर्षातून एकदा बोलतो.

२६ नोव्हेंबर

सर रागावले नाहीत. स्वतःचा हात टेबलावर ठेवला आन् म्हणाले, "दाखवा तर ताई, कशा भरता ते."

"बांगड्या कुठं आणल्यात मी!"

भुजंगनं शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. हिरव्या, काचेच्या, दोन-दहाच्या, पुरुषाच्या पंजाला बेतानं जातील अशा. ह्याला कुणी सांगितलं होतं आणायला?

सरांचा हात डाव्यात घेतला. कितीतरी महिन्यांनी कुणाचा हात असा घेतला. बोटं आपली आपण चालायला लागली. अंगठा आत, करंगळीचं हाड तिच्या शेजारणीखाली, मग दाब. सर खुर्चीत ताठ झाले. आता सरकवायची कुणी? भुजंग उभ्या उभ्या पुढं आला, बांगडी पेरावर ठेवली आन् ढकलली. गेली!

सर म्हणाले, "ह्यांना भरता येतात वाटतं."

"ह्यांना? ह्यांना साधी पेंढी बांधता येत न्हाई!"

"मग गेली कशी?"

सरांनी हात हलवला, बांगडी किणकिणली. "हात तर तुमच्या डाव्यानं मऊ केला ताई. उजव्याला धरायचं आणि सरकवायचं, एवढंच राहिलं होतं."

एसटीत खिडकीला डोकं लावून मी रडले. दुःखानं नाही. इतके महिने रडले त्यातलं निम्मं फुकट गेलं म्हणून. माप देऊन आलेय. आकड्याचं.

२० डिसेंबर

आकडा आला. दिसायला जसा आहे तसाच आहे. पट्टा काखेत काचतो. खांदा पुढं, उघडला. मागं, मिटला. मिटवायला बुडाशी गोल रबरं आहेत, बारकी, एकावर एक घातलेली. जितकी जास्त तितकी पकड घट्ट.

पेला धरला. झाडू धरला. दाराची कडी काढली आन् पुन्हा लावली, काढली आन् लावली. शेवटी भुजंग आतून ओरडला, "कोण आलंय?"

मग बांगडी धरली. कट्. दोन तुकडे. दुसरी धरली. कट्. काच सोसत नाही एवढी पकड. असे डबेच्या डबे वाढले तर धंदा कसला करते.

२६ डिसेंबर

सरावाला हात कुणाचा? सविताला म्हटलं, ती म्हणाली ताई मला स्वयंपाक करायचाय. बबिता तर दार लावून बसली. भुजंगनंच मनगट पुढं केलं.

आज त्याच्या हातात एक भरली. एकच, पण आकड्यानं! त्याआधी किती वाढल्या ते लिहीत नाही. त्याचं मनगट खरचटून लाल झालंय. काढून घे म्हटलं तर तसाच हॉटेलात चहाला गेला, हिरवी बांगडी घालून. तिथं कुणी तरी म्हणालं, काय भुजंगराव, बांगड्या भरल्या का? हा म्हणाला, "व्हय. बायकोनं भरली. तुम्हाला भरायची का?"

हे मला सवितानं सांगितलं. तो कशाला सांगेल.

३० डिसेंबर

सरांना फोन केला. सर, काच तुटायलीय, पकड कमी करता येईल का? ते हसले. म्हणाले, येणारा प्रत्येक माणूस रबर वाढवून मागतो, ताई. पोतं उचलायचंय, फावडं धरायचंय, मोटारसायकल चालवायचीय. कमी करून मागणाऱ्या तुम्ही पहिल्या. काढा हळूहळू, एक एक करून.

एक काढलं. अजून एक काढलं. बांगडी राहिली पण काच स्टीलवर घसरायला लागली. मग मीच भुजंगला म्हटलं, सायकलची जुनी ट्यूब आण. तिची पट्टी आकड्याच्या दोन्ही टोकांना गुंडाळली. आता आकडा बांगडी असा धरतो, जसं मांजर पिल्लू धरतं. सरांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, हे मी दुसऱ्यांना सांगू का? म्हटलं, खुशाल सांगा.

५ जानेवारी २०२५

सविताचा हात भरला. मग बबिताचा, दार उघडायला लावून. दोघींच्या मिळून दोनच वाढल्या. मी सगळीकडं मिरवायलेय.

बुधवारी बाजारात धुरपताबाई आली नाही. बघायला पाहिजे तेव्हा गायब! सवितानं सांगितलं, तिचा म्हातारा दत्तराव दम लागून परभणीला भरती होता, आता घरी आणलाय, खाटेवर आहे. त्या धावपळीत म्हातारीची शेवटची बांगडी वाढली. हात मोकळा ठेवायचा नाही म्हणून हळदीचा दोरा बांधून फिरते. घरात नवरा असा पडलेला आन् बाईच्या हाताला दोरा. सुना घाबरल्या, बसस्टँडावरच्या दुकानदाराला डबा घेऊन घरी बोलावला, तर हिनं त्याला ओट्यावरून परत लावला.

आता ह्या अडेलतट्टूपणाला काय म्हणावं? संक्रांत तोंडावर आली.

११ जानेवारी

आज जे झालं ते सगळं लिहिते, हात मोडला तरी.

सकाळी काचेचा डबा घेतला आन् भुजंगच्या गाडीवर मागं बसून धुरपताबाईच्या गावाला गेले. डबा आकड्यात. वाटेत ऊस तोडणाऱ्या बाया बघत होत्या, बघू दिलं.

दत्तराव ओट्यावर खाटेवर, तक्क्याला टेकून. म्हातारी त्याला पेज पाजत होती. दोन्ही मनगटांना पिवळा दोरा. मला बघून म्हणाली, "आलीस व्हय." जशी काही मी कालच सांगून गेले होते. वाटी खाली ठेवली, हात धुतले, पदराला पुसले आन् माझ्यासमोर बसली. आकड्याकडं एकदा बघितलं. महालक्ष्मीचं वगैरे काही बोलली नाही.

तिचा हात हातात घेतला. पेरं पहिल्यापेक्षा जास्त सुजलेली, कातडी कागदासारखी. इतक्या दिवसांत हा हात म्हातारा झाला होता. मी हळू दाबलं. आकड्यानं बांगडी पेरावर आणली, सरकवली. अडकली. जरा रेटली आन् ती वाढली.

दुसरी घेतली. तीही वाढली. बारकासा काप गेला, रक्ताचा थेंब आला. तरी ही गप्प! दात आवळून बसलेली. जी बाई हात धरायच्या आधी बोंबलते ती शांत बसलेली बघून मला इतका राग आला, इतका राग आला. सगळ्यांनी दया केली, आता हिनंही करावी?

"ओरडत का न्हाईस?" मी म्हटलं. "ओरड की!"

"दुखलं तर ओरडीन! दाबायलीस कुठं? कुरवाळायलीस नुस्ती! मी काय लेकरू हाय का? दाब नीट!"

"मोडंल की हात!"

"तुझ्या हातानं कधी मोडला का? दाब म्हणते ना!"

मग दाबलं. डोळे मिटले आन् दाबलं, पहिल्यासारखं, सगळी हाडं एका मुठीत येईपर्यंत. आन् धुरपताबाई अशी ओरडली की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. "मेले माय! मारलीस गं! हिच्यावानी दुखवणारी दुसरी न्हाई!" शेजारच्या बाया धावत आल्या. आन् तेवढ्या ओरड्यात खांदा पुढं, मागं, बांगडी पेरावरून सरकून मनगटावर जाऊन पडली.

खाटेवरून दत्तराव म्हणाला, "ओरडली? म्हणजे गेली." त्याला दम लागला होता तरी हसला.

दोन्ही हात भरले. प्रत्येक बांगडीला शिवी खाल्ली. मधे दोन वाढल्या, पण कुणाला फिकीर नव्हती. शेवटी तिनं दोरे सोडून तुळशीत टाकले.

भरून झालं की बाई कासाराला नमस्कार करते, रीतच आहे. धुरपताबाई आईच्या वयाची, तरी दर वेळेस करायची. मी डावा हात पुढं केला. तिनं तो बाजूला सारला. आकडा दोन्ही तळव्यांत घेतला, ट्यूबच्या पट्टीसकट, आन् कपाळाला लावला.

मला रडू आलं. लय रडले, सगळ्या बायांसमोर. भुजंग अंगणात पाठ करून गाडी पुसत होता, पुसलेलीच गाडी.

मग शेजारणींनी हात पुढं केले. डबा तिथंच संपला.

निघताना धुरपताबाईला विचारलं, "इतकं दुखतं तर दुसरीकडं का गेली न्हाईस गं एवढे महिने?"

म्हणाली, "च्या पी."

ह्या म्हातारीचं डोकं मला कधी कळलं नाही. चहा प्यायला थांबले. उद्यापासून संक्रांतीचा बाजार, गर्दी होईल. सविताला सांगितलंय, काचेचे सगळे डबे घे आन् चादर घरीच ठेव.